पान न हलता फॉर्म कसा पाठवायचा: केळी कापणीच्या नोंदणीचं उदाहरण

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी गटासाठी मी कापणी नोंदणीचा फॉर्म तयार केला होता. नाव, गाव, गट नंबर, मोबाईल, किती खोडं कापणीला आली, कोणत्या तारखेला गाडी हवी आणि बागेचा एक फोटो, एवढंच. गटाच्या कार्यालयात बसून भरला की काही अडचण यायची नाही. पण शेतकरी तो कार्यालयात नाही, बागेत उभा राहून भरतो. लासूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका आप्पांनी फॉर्म भरला, बटण दाबलं आणि पान पांढरं पडलं. त्यांनी मागे येऊन पुन्हा भरला, पुन्हा पाठवला. तेच तिसऱ्यांदा. संध्याकाळी गटाकडे त्या एका बागेच्या तीन नोंदी होत्या आणि तिच्या नावावर तीन गाड्या धरल्या गेल्या. आप्पांचा मला फोन आला: "भाऊ, मन्हा फॉर्म गया का नही?"

या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवरच मिळायला हवं होतं. ते कसं द्यायचं, तेच या लेखात पायरीपायरीने सांगतो. एचटीएमएल बऱ्यापैकी आणि जावास्क्रिप्ट थोडीफार येत असेल तर पुरे. आदेशांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाकलीत की पूर्ण नाव समोर येईल.

आधी नेहमीचा फॉर्म काय करतो ते पाहा

साध्या फॉर्ममध्ये बटण दाबलं की ब्राउझर सगळ्या रकान्यांतली माहिती गोळा करतो, सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हरकडून जे उत्तर येईल ते नवीन पान म्हणून दाखवतो. जुनं पान तिथेच संपतं. नेट चांगलं असेल तर हे अर्ध्या सेकंदात उरकतं. नेट अडकलं तर माणूस पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो, आणि मागे आल्यावर भरलेलं शिल्लक असेलच याची खात्री नसते.

पान तसंच ठेवून मागच्या मागे माहिती पाठवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले तेव्हा तिची ताकद लोकांना दिसली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'अजॅक्स' हे नाव दिलं. २००६ च्या जेक्वेरी या लायब्ररीने ती सोपी केली, आणि २०१५ पासून क्रोम, फायरफॉक्समध्ये 'फेच' आलं. शोधायला गेलात तर तिन्ही काळातली उदाहरणं एकत्र सापडतात आणि नवीन माणूस गोंधळतो. आज सुरुवात करत असाल तर सरळ फेच शिका. जुन्या पद्धतीची गरज फक्त एका ठिकाणी पडेल, ती पुढे सांगतो.

पायरी १: फॉर्म आधी साधाच बनवा, आणि तो चालवून बघा

जावास्क्रिप्टची एकही ओळ लिहिण्याआधी फॉर्म टॅगमध्ये अ‍ॅक्शन आणि मेथड भरा, मेथड पोस्ट ठेवा, आणि फॉर्म जुन्या पद्धतीने जातो का ते तपासा. नवशिके ही पायरी सगळ्यात जास्त गाळतात. कमकुवत नेटवर कधी कधी पान उतरतं पण स्क्रिप्टची फाईल उतरत नाही. तेव्हा हा साधा फॉर्मच उपयोगी पडतो. पान पांढरं पडेल, पण नोंद जाईल.

प्रत्येक रकान्याला 'नेम' हवंच. आयडी दिला आणि नेम विसरला तर तो रकाना सर्व्हरपर्यंत जातच नाही, आणि कुठे लाल अक्षरात चूकही दिसत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांचा निम्मा वेळ या एका गोष्टीत गेलेला मी पाहिला आहे. टिक न केलेला चेकबॉक्स जात नाही आणि डिसेबल केलेला रकानाही जात नाही, हेही आत्ताच लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

पायरी २: फॉर्मचा सबमिट पकडा

बटणाच्या क्लिकवर काम लावू नका, फॉर्मच्या 'सबमिट' इव्हेंटवर लावा. मोबाईलच्या कीबोर्डवरचं 'गो' दाबूनही फॉर्म जातो, एंटर दाबूनही जातो. सबमिट पकडलात तर या सगळ्या वाटा एका जागी येतात, आणि रिकाम्या रकान्यांची ब्राउझरची तपासणीही आधी होऊन जाते. इथे एक सूक्ष्म भेद आहे. कोडमधून फॉर्म पाठवायची वेळ आली तर 'सबमिट' हे फंक्शन वापरू नका, कारण ते हा इव्हेंट उठवतच नाही. त्यासाठी 'रिक्वेस्टसबमिट' आहे.

इव्हेंट हाताळणाऱ्या फंक्शनची पहिली ओळ 'प्रिव्हेंटडिफॉल्ट'. ती पहिलीच हवी. तिच्या आधीच्या ओळीत काही चुकलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, पान नेहमीसारखं रीलोड होतं आणि कन्सोलमधली चूक वाचायच्या आत पुसली जाते. असं होत असेल तर डेव्हलपर टूल्समध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' वर टिक करा, चूक शिल्लक राहील.

फॉर्मच्या आत दुसरं एखादं बटण असेल, आमच्याकडे 'फोटो बदला' असं होतं, तर त्याचा टाईप 'बटन' असा स्पष्ट लिहा. टाईप न लिहिलेलं बटण फॉर्मच्या आत सबमिटच समजलं जातं.

प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहिलं की ब्राउझर बाजूला होतो. काम सुरू आहे हे दाखवणं, चूक झाली तर सांगणं, पोहोचलं की पुढचं पान दाखवणं, ही सगळी कामं तो आजवर न बोलता करत होता. आता ती तुमच्या अंगावर आली. पुढच्या पायऱ्या या जबाबदारीच्याच आहेत, आणि तिथे कोणी घाई केलेली मला खरंच सहन होत नाही, कारण त्या घाईची किंमत बागेत उभा असलेला माणूस मोजतो.

पायरी ३: माहिती गोळा करा

एकेक रकाना हाताने वाचायची गरज नाही. 'फॉर्मडेटा' ला फॉर्म दिला की नेम असलेले सगळे रकाने, फोटोसकट, त्यात येतात.

क्रम मात्र सांभाळा. पाठवताना कोणी रकाने बदलू नयेत म्हणून पुष्कळ जण आधी सगळे रकाने डिसेबल करतात आणि नंतर फॉर्मडेटा बनवतात. डिसेबल केलेला रकाना जात नाही, म्हणजे सर्व्हरला रिकामी पिशवी मिळते. आधी गोळा करा, मग कुलूप लावा.

पायरी ४: फेचने पाठवा

फेचला तीन गोष्टी द्या: पत्ता म्हणून फॉर्मचा अ‍ॅक्शन, मेथड पोस्ट, आणि बॉडीमध्ये तुमचा फॉर्मडेटा. हेडरमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट' ला जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची एक ठरलेली पद्धत) लिहा. त्यावरून सर्व्हरला कळतं की ही विनंती स्क्रिप्टकडून आली आहे, उत्तर जेसनमध्ये द्यायचं. तो हेडर जेसन मागत नसेल तर विनंती साध्या फॉर्मची आहे, मग नेहमीसारखं 'नोंद झाली' च्या पानाकडे वळवायचं. एकाच पत्त्यावर दोन्ही वाटा सांभाळता येतात.

'कंटेंट-टाईप' हेडर मात्र लिहू नका. फॉर्मडेटा पाठवताना रकाने वेगळे करणारी एक खूण ब्राउझर स्वतः तयार करतो आणि ती त्या हेडरमध्ये घालतो. तुम्ही हाताने लिहिलंत तर ती खूण राहून जाते आणि सर्व्हरला पिशवी उघडता येत नाही.

जेसन करून पाठवलं तर चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. चालेल, पण सर्व्हरवर पीएचपी ही भाषा वापरत असाल तर तिथला नेहमीचा पोस्टचा अ‍ॅरे रिकामा दिसेल, कारण तो फक्त फॉर्मच्या पद्धतीने आलेल्या माहितीनेच भरतो. फोटोही जेसनमध्ये सरळ जात नाही. फॉर्म आहे तर फॉर्मडेटाच बरा.

फेचच्या आधी 'अवेट' आणि फंक्शनच्या आधी 'एसिंक' लिहायचं. याचा अर्थ गिरणीवर दळणाचा डबा ठेवण्यासारखा आहे. डबा ठेवला, तुम्ही बाजार करून आलात, दळण झालं की हाक आली. गिरणीसमोर खोळंबून उभं राहावं लागत नाही. अवेटच्या ओळीवर तुमचं फंक्शन थांबतं, पान थांबत नाही. माणूस वर-खाली सरकवू शकतो, भरलेलं पुन्हा वाचू शकतो.

पायरी ५: उत्तर नीट वाचा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे.

पहिली गोष्ट: सर्व्हरने ४०४ (पत्ता सापडला नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) असा स्टेटस दिला तरी फेच त्याला चूक मानत नाही. त्याच्या मते उत्तर आलं, काम झालं. 'ट्राय-कॅच' मधल्या 'कॅच' मध्ये, म्हणजे चूक हाताळायच्या भागात, तो तेव्हाच जातो जेव्हा उत्तरच आलं नाही. म्हणून उत्तर हातात आलं की आधी त्याचं 'ओके' बघा. स्टेटस २०० ते २९९ मध्ये असेल तरच ते खरं असतं. हे न बघता हिरव्या अक्षरात 'नोंद झाली' दाखवणारे फॉर्म मी बरेच पाहिले आहेत. सर्व्हर कोसळलेला असतो आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जातो.

दुसरी गोष्ट लॉगिनची. सेशन संपलेलं असेल तर पुष्कळ सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतात. फेच न विचारता त्या पानापर्यंत जातो, ते पान व्यवस्थित मिळतं आणि स्टेटस येतो २००. तुमच्या कोडला वाटतं नोंद झाली. उत्तराचं 'रीडायरेक्टेड' तपासा, आणि उत्तर खरंच जेसन आहे का तेही बघा. एचटीएमएलला जेसन समजून वाचायला गेलात तर 'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणून चूक येते. ती दिसली की समजायचं, सर्व्हरने जेसनऐवजी एखादं पान पाठवलं आहे.

सर्व्हरने माहिती नाकारली, म्हणजे मोबाईल नंबर नऊच आकडी आहे किंवा तारीख मागची आहे, तर सर्व्हरने ४२२ (विनंती कळली, पण माहिती चुकीची) हा स्टेटस द्यावा आणि सोबत कोणत्या रकान्यात काय चुकलं ते रकान्याच्या नेमसकट पाठवावं. तुम्ही ते त्या-त्या रकान्याखाली दाखवायचं. 'काहीतरी चुकलं' एवढं सांगून कोणाचं भलं होत नाही.

आता आप्पांचा प्रसंग. उत्तर आलंच नाही, फेच कॅचमध्ये गेला. नोंद झाली की नाही? खरं उत्तर असं की ब्राउझरला ते माहीत नाही. विनंती निघायच्या आत नेट गेलं असेल, किंवा विनंती पोहोचली, नोंद झाली आणि परतीचं उत्तर वाटेत हरवलं असेल. आप्पांच्या बाबतीत तिन्ही वेळी दुसरी गोष्ट झाली होती. बटण डिसेबल केल्याने यावर इलाज होत नाही, तो फक्त घाईत दोनदा दाबलेलं अडवतो.

इलाज असा. पान तयार करताना सर्व्हरने प्रत्येक फॉर्मसोबत एक वेगळा, पुन्हा न येणारा क्रमांक लपलेल्या रकान्यात द्यावा. मी त्याला चिठ्ठी म्हणतो. डेटाबेसमध्ये चिठ्ठीच्या कॉलमवर 'युनिक'ची अट घाला. तीच चिठ्ठी पुन्हा आली तर सर्व्हरने नवीन नोंद करायची नाही, आधीच्या नोंदीचा क्रमांकच परत द्यायचा. मग आप्पांनी दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच, गाडी एकच. आता कॅचमध्ये तुम्ही बिनधास्त लिहू शकता: 'नेट मिळालं नाही. तुम्ही भरलेलं इथेच आहे. थोड्या वेळाने पुन्हा पाठवा दाबा, दुबार नोंद होणार नाही.' शेवटचे शब्द खरे करून मगच लिहा.

चिठ्ठी ब्राउझरमध्येही बनवता येते, 'क्रिप्टो' मधल्या 'रँडमयूयूआयडी' ने. पण ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा स्वतःच्या मशीनवरच्या लोकलहोस्टवर मिळतं. आणि नोंद यशस्वी झाली की चिठ्ठी बदला. नाहीतर शेतकरी त्याच पानावरून दुसऱ्या बागेची नोंद करायला जाईल आणि त्याला पहिल्याच बागेचा क्रमांक परत मिळेल. ही चूक मी स्वतः केली आणि सापडायला दोन दिवस गेले.

फेच स्वतःहून वेळेची मर्यादा घालत नाही. 'अबॉर्टसिग्नल' चं 'टाईमआऊट' मिलिसेकंदांत देता येतं. फोटो नसलेल्या फॉर्मला मी ३०००० ठेवतो, म्हणजे ३० सेकंद. वेळ संपली तरी तोच कॅच, तोच संदेश.

पायरी ६: समोरच्याला कळू द्या

पाठवायला लागताच बटण डिसेबल करा आणि त्यावर 'पाठवत आहे…' लिहा. बटण पुन्हा सुरू करायचं ते 'फायनली' मध्ये, म्हणजे काहीही झालं तरी ते अडकून राहत नाही.

संदेशाची जागा पानात आधीपासून ठेवा, रिकामी, आणि तिला 'एरिया-लाईव्ह' ला 'पोलाईट' द्या. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. पान बदललं की त्याला कळायचं, आता पान बदलत नाही, म्हणून हे सांगणं आपलं काम. चूक आली तर फोकस पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्या. संदेश टाकताना 'टेक्स्टकंटेंट' वापरा, 'इनरएचटीएमएल' नको, कारण सर्व्हरने परत पाठवलेल्या मजकुरात कोणीतरी भरलेलं काहीही असू शकतं.

रकाने रिकामे करायचे ते नोंद क्रमांक हातात आल्यावरच. आणि तो क्रमांक मोठ्या अक्षरात दाखवा, दोन सेकंदांनी नाहीसा करू नका. शेतकरी तो डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतो.

मराठी अंक आणि मोठे फोटो

या दोन गोष्टी आपल्याकडे हमखास आडव्या येतात.

मराठी कीबोर्डवरून मोबाईल नंबर देवनागरी अंकांत येऊ शकतो. जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमध्ये अंकासाठीचं चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं, त्यामुळे बरोबर नंबर लिहूनही माणसाला 'नंबर चुकीचा' ऐकावं लागतं. त्याला कीबोर्ड बदलायला लावण्यापेक्षा आपण अंक बदलावेत. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. अक्षराचा क्रमांक या दोन्हींच्या दरम्यान असेल तर त्यातून २४०६ वजा करा, अंक मिळाला. रकान्याचा टाईप 'टेल' ठेवा आणि हेच रूपांतर सर्व्हरवरही करा, कारण साध्या वाटेने आलेल्या फॉर्मला तुमची स्क्रिप्ट लागलेली नसते. सर्व्हरवरची तपासणी तर कधीच काढू नका. ब्राउझरमधली तपासणी सोयीसाठी असते, ती कोणीही ओलांडू शकतो. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण) वापरत असाल तर ते लपलेल्या रकान्यातच असतं, फॉर्मडेटासोबत आपोआप जातं.

फोटोचं असं: पीएचपीमध्ये एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी. आजकालच्या फोनचा एक फोटो पहिली मर्यादा सहज ओलांडतो. पूर्ण फॉर्म दुसरीही ओलांडून गेला तर पीएचपी पोस्टचा अ‍ॅरे पूर्ण रिकामा देतं. मग सर्व्हर म्हणतो 'नाव भरा', आणि नाव तर समोर भरलेलं दिसतं. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी नावाच्या रकान्यातच चूक शोधत बसलो होतो. मर्यादा वाढवता येते, पण पायथ्याच्या नेटवरून एवढा फोटो पाठवायला लावणंच चुकीचं. ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून घ्या. घडांची अवस्था कळायला तेवढं पुरतं, आणि फोटो काही एमबीवरून काहीशे केबीवर येतो.

एवढं करूनही 'किती टक्के गेलं' दाखवायचं असेल तर फेच ते सांगत नाही. जुन्या 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' मध्ये 'अपलोड' चा 'प्रोग्रेस' इव्हेंट आहे. मघाशी म्हटलेलं ते एकमेव ठिकाण हेच.

पायरी ७: मुद्दाम बिघडवून बघा

फाईलवर डबल क्लिक करून पान उघडून हे काही चालणार नाही. पीएचपीसोबत येणारा छोटा सर्व्हर सुरू करा आणि लोकलहोस्टवर उघडा. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग कमी करायची सोय आहे. ती सगळ्यात हळू ठेवा आणि बटण पटापट चार वेळा दाबा. मग सर्व्हर बंद करून पाठवा. मग सर्व्हरवर मुद्दाम ५०० द्यायला लावा. जावास्क्रिप्ट बंद करून एक नोंद करा. मोबाईल नंबर देवनागरी अंकांत लिहून एक नोंद करा.

शेवटची चाचणी खऱ्या फोनवर, आणि ती जरा हुशारीने करायची. सर्व्हरच्या कोडमध्ये नोंद डेटाबेसमध्ये गेल्यानंतर, पण उत्तर देण्याआधी दहा सेकंद थांबायला लावा. फॉर्म भरा, पाठवा दाबा, तीन-चार सेकंदांनी फोन एअरप्लेन मोडवर टाका. स्क्रीनवर 'नेट मिळालं नाही' यायला हवं आणि सगळे रकाने जसेच्या तसे भरलेले दिसायला हवेत. आता नेट सुरू करून पुन्हा पाठवा दाबा. नोंद क्रमांक येईल. मग डेटाबेस उघडा आणि त्या बागेच्या नोंदी मोजा: एकच असायला हवी.